आतून कडी: एका महिला निवाऱ्याच्या अंतर्रचनेचा प्रकरण अभ्यास

निवाऱ्याची मागणी थोडकी होती. भिंतींना नवा रंग, नवे पडदे, खालच्या हॉलमध्ये मुलांसाठी चित्रं, आणि एकूण वातावरण जरा प्रसन्न व्हावं. कौटुंबिक हिंसाचारातून बाहेर पडलेल्या स्त्रिया मुलांसह इथे काही आठवडे ते काही महिने राहतात. व्यवस्थापन समितीच्या तक्रारी अशा: हॉल रिकामा असतो, बायका खोल्यांत कोंडून घेतात, मुलं जिन्यात खेळतात, रात्री स्वच्छतागृहावरून भांडणं होतात, आणि काही जणी पुढची सोय लागायच्या आतच निघून जातात. समितीच्या मते दोष इमारतीच्या उदासपणाचा होता.

इमारत उदास होती यात वाद नाही. पण अंतर्रचनाकार म्हणून मी मारलेल्या पहिल्याच फेरीत दिसलं की रंगाचा डबा उघडण्याआधी करायची कामं बरीच आहेत.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. ठिकाण, खोल्यांची संख्या आणि मांडणीतले काही तपशील मुद्दाम गाळले किंवा बदलले आहेत. अशा घराचा पत्ता गुप्त राहणं हा त्याच्या सुरक्षिततेचा पहिला भाग असतो, आणि नकाशावरून इमारत ओळखणारी माणसं असतात.

इमारत जशी होती

जुनं वसतिगृह. तळमजल्यावर कार्यालय, हॉल आणि स्वयंपाकघर. वरच्या मजल्यांवर मधोमध लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला स्वच्छतागृहं. निवारे बहुतेक वेळा असेच, दुसऱ्या कामासाठी बांधलेल्या इमारतींत सुरू होतात. १९७१ मध्ये लंडनच्या चिझिक भागात एरिन पिझी यांनी सुरू केलेला, आधुनिक काळातल्या सुरुवातीच्या निवाऱ्यांत गणला जाणारा निवाराही एका साध्या जुन्या घरातच होता.

नव्याने येणाऱ्या बाईच्या वाटेने चालून पाहिलं. लोखंडी जाळीचं दार. शाळेत तास संपल्यावर वाजते तशी कर्कश बेल, जी साऱ्या इमारतीत ऐकू जाते. आत छातीएवढं उंच काउंटर. पलीकडे कर्मचारी बसलेली, अलीकडे बाई उभी, मूल कडेवर, आणि पाठ उघड्या दाराकडे. याच जागी उभं राहून तिने नाव, वय, काय घडलं हे सांगायचं. काउंटरच्या बाजूला कॅमेऱ्यांचा पडदा, तोंड फक्त कर्मचाऱ्यांकडे. समोरच्या भिंतीवर जनजागृतीची भित्तिपत्रकं: सुजलेला डोळा, उगारलेला हात, खाली मदतवाहिनीचा क्रमांक.

या भित्तिपत्रकांपाशी मी बराच वेळ थांबले. ती रस्त्यावर, बसमध्ये, दवाखान्यात लागावीत. जिने तो उगारलेला हात घरात पाहिला आणि जी तो टाळण्यासाठीच इथवर आली, तिने जेवायला जाता-येता रोज तेच चित्र का पाहायचं? कोणी वाईट हेतूने लावली नव्हती. फुकट आली, भिंत रिकामी होती, लागली. ती त्याच दिवशी उतरवली. या साऱ्या प्रकल्पातलं सर्वांत स्वस्त काम हेच.

वरच्या मजल्यावर बोळाला खिडकी नव्हती. स्वच्छतागृहात हालचाल टिपून लागणारे दिवे होते, वीज वाचावी म्हणून बसवलेले. खोल्यांच्या दारांना आतून कड्या नव्हत्या. काही वर्षांपूर्वी एका बाईने स्वतःला इजा करून घेतली, दार उघडायला वेळ लागला, तेव्हापासून सगळ्या कड्या काढून टाकलेल्या. खिडक्यांच्या खालच्या काचांना बाहेरून कोणाला दिसू नये म्हणून पांढरा रंग मारलेला. स्वयंपाकघर रात्री कुलूपबंद. किल्ल्यांचा जुडगा अधीक्षिकेकडे.

यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण होतं, आणि सुटं पाहिलं तर कारण पटणारंही होतं. पण सगळं एकत्र मांडलं की चित्र वेगळं दिसतं. दार कधी उघडायचं ते दुसरं कोणी ठरवणार. खोलीत कोणीही केव्हाही शिरू शकणार. रात्री मुलासाठी पाणी गरम करायचं तर परवानगी. आपल्यावर नजर आहे, पण त्या नजरेला काय दिसतं ते आपल्याला दिसत नाही. ज्या घरातून बाई निघून आली त्या घराचे नियम यापेक्षा फार वेगळे नसतात. इथे मारणारं कोणी नाही, हा फरक फार मोठा आहे. पण तो तिच्या बुद्धीला कळतो, शरीराला कळायला वेळ लागतो.

शरीराचा हिशेब

दीर्घकाळ हिंसेत राहिलेल्या माणसाचं शरीर सतत पहाऱ्यावर असतं. मानसिक आघातानंतरच्या विकाराच्या लक्षणांत हे नोंदवलेलंच आहे: अतिसावधपणा, छोट्याशा आवाजाने दचकणं, झोप न लागणं किंवा तुटक लागणं, लक्ष न टिकणं. पावलांच्या आवाजावरून आज घरातला माणूस कोणत्या मनःस्थितीत आलाय हे ओळखायला शिकलेली बाई ते कौशल्य दारातच टाकून येत नाही. निवाऱ्यात ती प्रत्येक पावलाचा अर्थ लावत राहते, आणि इथे पावलं अनोळखी असतात.

इमारतीपुरता याचा अर्थ असा, की अशा माणसाला धोक्याइतकाच त्रास संदिग्धतेचा होतो. कोण येतंय ते कळत नाही, आवाज कुठून आला ते कळत नाही, वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. जे आराखड्यात सोडवता येतं ते हेच. ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ जे ॲपलटन यांनी १९७५ मध्ये मांडलं की माणसाला अशी जागा आवडते जिथून त्याला दूरवर दिसतं, पण तो स्वतः सहज दिसत नाही. त्यांचा विषय निसर्गदृश्यांचा होता. पण आमच्या हॉलमध्ये खुर्च्या मधोमध गोल मांडून ठेवल्या होत्या आणि तिथे कोणी बसत का नाही, याचं अर्धं उत्तर त्यांच्या मांडणीत सापडतं: चारही बाजूंनी पाठ उघडी.

अमेरिकेतल्या मादक द्रव्ये व मानसिक आरोग्य सेवा प्रशासनाने २०१४ मध्ये आघाताची जाण ठेवून काम करण्याची सहा तत्त्वं दिली: सुरक्षितता, विश्वासार्हता व पारदर्शकता, समदुःखी माणसांचा आधार, सहकार्य, स्वतःचा आवाज व निवडीचं स्वातंत्र्य, आणि संस्कृती, इतिहास व लिंगभावाचं भान. ती अमलात आणायच्या दहा क्षेत्रांत भौतिक परिसराचाही उल्लेख आहे. मात्र समितीसमोर ही सहा तत्त्वं वाचून दाखवली असती तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या आणि रंगाची छटा निवडायला घेतली असती. म्हणून मी एकच प्रश्न नेला: या इमारतीत कोणत्या गोष्टी बाई कोणालाही न विचारता करू शकते? दिवा लावणं आणि मालवणं याच्यापुढे उत्तर सरकेना. आणि स्वच्छतागृहात तेही नव्हतं.

विचारायचं कसं

राहणाऱ्या स्त्रियांना विचारल्याशिवाय आराखडा करायचा नाही हे ठरलेलं होतं. पण 'तुम्हाला इथे कसं वाटतं?' हा प्रश्न निरुपयोगी ठरतो. आसरा देणाऱ्यांची तक्रार कोण करणार? उत्तर येतं, 'सगळं छान आहे.' आणि हिंसेबद्दल तर काहीच विचारायचं नव्हतं; ते समुपदेशकाचं काम, फर्निचर ठरवणाऱ्याचं नव्हे.

म्हणून प्रश्न जागेचे ठेवले. फोनवर बोलायचं असेल तर कुठे जाता? मूल रडायला लागलं तर कुठे नेता? रात्री कुठून जायला नको वाटतं? कोणती खुर्ची तुमची? मजल्याचा मोठा नकाशा स्वयंपाकघराशेजारी लावला, बाजूला दोन रंगांच्या टिकल्या ठेवल्या: बरं वाटतं तिथे हिरवी, नको वाटतं तिथे पिवळी. नाव नाही, गट चर्चा नाही, ज्यांना नको त्यांनी लावू नये. नकाशावर इमारतीचं नाव, दिशा, बाहेरचा रस्ता काहीच नव्हतं.

पिवळ्या टिकल्या बोळाच्या टोकाला, स्वच्छतागृहाच्या दारात आणि काउंटरसमोर दाटल्या. हे अपेक्षित होतं. हिरव्या टिकल्यांचं मात्र नवल वाटलं: जिन्याचा मधला टप्पा. मुलं तिथे खेळतात ही समितीची तक्रार होती. कळलं की त्यांच्या आयाही तिथेच बसतात. टप्प्यावरून खालचं दार दिसतं, वरचा बोळ दिसतो, पाठीला भिंत आहे, आणि दोन्हीकडून निघून जाता येतं. अख्ख्या इमारतीतली सर्वांत चांगली जागा त्यांनी आधीच शोधून ठेवली होती.

एका बाईने जाता जाता म्हटलं, "ताई, दाराला आतून कडी तेवढी द्या. रंग राहिला तरी चालेल."

कडीचा वाद

सर्वांत जास्त वेळ याच एका गोष्टीत गेला, आणि तो जायलाच हवा होता.

अधीक्षिकेचं म्हणणं साफ होतं. आत एखादी बाई बेशुद्ध पडली, तिने हाताची शीर कापली, मुलाला घेऊन दार लावून बसली, तर जबाबदारी माझी. तिने तो प्रसंग पाहिलेला होता. तिच्या भीतीला हसण्याचा अधिकार कोणाला नव्हता. समुपदेशकाचं म्हणणं तितकंच साफ होतं: दार आतून बंद करता येत नाही म्हणून बायका पलंग सरकवून दाराला लावतात आणि कपडे बदलायला एकमेकींना पहाऱ्याला उभं करतात. पलंग आडवा लावलेलं दार कडी लावलेल्या दारापेक्षा उघडायला अवघड असतं, हे तिने बोलून दाखवल्यावर चर्चा पुढे सरकली.

तोडगा बाजारात तयार मिळतो, शोधावा लागत नाही. आतून खिटी फिरवली की बाहेर लाल खूण दिसते; बाहेरच्या अंगाला खाच असते आणि अडचणीच्या वेळी खास चावीने ती उघडता येते. सार्वजनिक स्वच्छतागृहांत, इस्पितळांत हीच कुलपं असतात. आतून बाहेर पडताना मात्र चावी लागता कामा नये, एक मूठ दाबली की दार उघडलं पाहिजे. आग लागली तर चावी शोधत बसायला कोणाला वेळ नसतो. स्वच्छतागृहांची दारं बाहेरच्या बाजूला उघडतील अशी फिरवून घेतली, कारण आतल्या बाजूला उघडणाऱ्या दारामागे कोणी कोसळलं तर दार त्या माणसाच्या अंगावरच अडतं. खोल्यांतले आकडे आणि पडद्यांचे दांडे ठरावीक भार आला की निखळतील असे घेतले. काही वर्षांपूर्वीच्या त्या घटनेला दिलेलं हे खरं उत्तर होतं. कड्या काढणं हे घाईतलं उत्तर होतं.

पण कुलूप बसवून प्रश्न अर्धाच सुटतो. चावी कोणाकडे, आणि ती कधी वापरायची? यावर लेखी नियम झाला, आणि माझ्या मते तो या साऱ्या अंतर्रचनेचाच भाग आहे. दार वाजवायचं, स्वतःचं नाव सांगायचं, थांबायचं. उत्तर आलं नाही तर पुन्हा. जिवाला धोका आहे असं वाटलं तरच चावी, तीही दोन कर्मचारी असताना, आणि नंतर वहीत नोंद. राहणारी बाई ती नोंद पाहू शकते. हा नियम दाराच्या आतल्या बाजूला साध्या भाषेत लावला. जिला वाचता येत नाही तिला पहिल्या दिवशी दार लावून-उघडून दाखवतात, चावीने बाहेरून कसं उघडतं तेही. कुलुपाची मर्यादा न लपवता दाखवली की विश्वास कमी होईल, अशी समितीतल्या काहींना भीती होती. माझं मत उलट आहे. ज्या बाईला वर्षानुवर्षं खोटं सांगितलं गेलं, तिला अर्धं सत्य पटकन ओळखू येतं.

बोळ, दिवे, आवाज

बोळाला खिडकी पाडणं शक्य नव्हतं. टोकाच्या भिंतीवर दिवा वाढवला, वळणावर फुगीर आरसा लावला, म्हणजे वळण्याआधीच पलीकडे कोण आहे ते दिसतं. प्रत्येक खोलीच्या दाराला दोन उंचींवर पाहण्याची भोकं. खालचं मुलांसाठी आणि चाकाच्या खुर्चीवरच्या बाईसाठी.

हालचालीवर चालणारे दिवे आधी काढले. रात्री स्वच्छतागृहात निश्चल बसलेल्या बाईचा दिवा आपोआप जातो आणि तो परत आणायला अंधारात हात हलवावे लागतात, हे कोणत्याही बचतीच्या हिशेबात बसू नये. तिथे साधी बटणं आली आणि रात्रभर जळणारा एक मंद दिवा. खोल्यांत वरच्या दिव्याबरोबर प्रत्येक पलंगापाशी स्वतंत्र दिवा, पिवळसर प्रकाशाचा, सुमारे २७०० केल्विनचा, बटण झोपल्या जागी हाताला लागेल असं. एकीला उजेडात झोपायचं असतं, दुसरीला अंधारात. हा वाद वरच्या दिव्याने कधीच मिटत नाही.

आवाजाचं काम डोळ्यांना दिसत नाही म्हणून समिती त्यावर खर्चाला तयार नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपेच्या खोलीसाठी सरासरी ३० डेसिबल आणि अधूनमधून होणाऱ्या आवाजासाठी ४५ डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. लोखंडी चौकटीवर आपटणारं दार या मर्यादेच्या आसपासही नसतं. आणि दार आपटणं हा इथे नुसता गोंगाट नव्हे. पुढे काय होणार याची ती पूर्वसूचना असायची. दारांना हळू मिटवणारी यंत्रं आणि चौकटीला रबरी पट्ट्या बसवल्या. बोळात छताला आवाज शोषणारे तक्ते लागले. मुख्य बेल बदलून कार्यालयापुरता मंद सूर ठेवला. समुपदेशनाच्या खोलीचं दार पोकळ होतं, बाहेर बसलेल्याला आतलं रडणं ऐकू यायचं. ते भरीव केलं, खालची फट बंद केली. त्या खोलीत खुर्च्या एकाच उंचीच्या, आणि कुठे बसायचं ते बाई निवडते. दाराकडे जाण्याची वाट कोणाच्याही खुर्चीने अडत नाही.

उंच काउंटर गेलं. त्याऐवजी आतल्या छोट्या खोलीत बसून बोलायचं टेबल आलं, बाईची पाठ भिंतीकडे, आणि नोंदणी आता तिथेच होते.

कॅमेरे

सुरक्षारक्षकाला हॉलमध्ये आणि बोळात आणखी कॅमेरे हवे होते. माझा विरोध होता, समुपदेशकाचाही. पाळतीखाली राहिलेल्या बाईवर संरक्षणाच्या नावाने पुन्हा पाळत ठेवायची, हे मला पटत नाही. अखेर कॅमेरे कुंपण, फाटक आणि बाहेरच्या दारांपुरते राहिले, आतले काढले.

मग मी सुचवलं की फाटकाचं चित्र राहणाऱ्या स्त्रियांनाही दिसावं. दारात कोण आलंय हे कळण्याची गरज त्यांच्याइतकी कोणाला आहे? समुपदेशकाने लगेच अडचण काढली: पडदा सतत चालू राहिला तर काही जणी दिवसभर त्याच्यासमोरून हलणार नाहीत. ही हरकत बिनतोड होती. म्हणून जिन्याच्या पायथ्याशी छोटा पडदा लावला, एरवी बंद; बटण दाबलं की थोडा वेळ फाटक दिसतं आणि पुन्हा मिटतं. हे दिसायला किरकोळ वाटतं, पण मला विचाराल तर कुलुपांखालोखाल मोलाची गोष्ट हीच. तेच चित्र, फक्त पाहणारी माणसं वाढली.

सुरक्षेची कल्पना सगळीकडे एकच नाही. नेदरलँड्समधल्या अल्कमार इथे २०११ मध्ये सुरू झालेल्या ओरांये हाउसने पत्ता न लपवणारा निवारा उभारला. तेल अवीवमध्ये २०१८ साली पूर्ण झालेल्या एका निवाऱ्यात बाहेरची बाजू बंदिस्त आणि आतलं अंगण मोकळं आहे. प्रत्येक कुटुंबाला छोटं स्वतंत्र घर, आणि पाळणाघर इतर भागापासून वेगळं ठेवलंय, म्हणजे आई सकाळी मुलाला तिथे सोडून येते, नेहमीच्या आयुष्यात सोडते तसं. नवं बांधताना हे साधतं. आमच्या हाती जुनी भिंत होती.

खोली

फ्लोरिडा राज्य विद्यापीठातल्या जिल पेबल यांनी बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यातल्या दोन सारख्या खोल्या घेतल्या, एक होती तशीच ठेवली, दुसरीत साठवण, पलंगाचे पडदे अशा सुधारणा केल्या आणि तिथे राहणाऱ्या कुटुंबांचा अनुभव तपासला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून मी घेतलं ते एवढंच, की खोली मोठी करता येत नसेल तेव्हा तिच्यातला ताबा वाढवता येतो.

आमच्या खोल्यांत दुमजली पलंग होते. वरच्या पलंगावर अनोळखी माणूस हलतंय आणि खालून ते दिसत नाही, ही रात्र अतिसावध माणसाला झेपत नाही. मोठ्यांसाठी ते काढले, मुलांसाठी आईच्या नजरेच्या टप्प्यात ठेवले. पलंगाचं डोकं भरीव भिंतीला, झोपल्या जागेवरून दार दिसेल असं, पण दाराच्या अगदी समोर नाही. कुलूप लागणारा एक खण प्रत्येकीला, किल्ली तिच्याकडेच. कागदपत्रं, औषधं, थोडे पैसे त्यात. हे सर्वांना मान्य होतं, वाद झाला तो खुर्चीवरून. बदलता येणारं एक तरी सामान खोलीत असावं, जे बाई स्वतः उचलून हवं तिथे ठेवू शकेल, असा माझा आग्रह होता. समितीला सगळं जमिनीला पक्कं हवं होतं, चोरी होते म्हणून. हलक्या खुर्च्या आल्या. खिडक्यांच्या पांढऱ्या रंगाऐवजी खालच्या काचांना अर्धपारदर्शक फिल्म, वरून आकाश आणि झाड दिसतं.

हॉलमध्ये गोल मोडला. भिंतीलगत उंच पाठीचे कोच, मधून अर्ध्या उंचीची कपाटं, आणि दुसरं दार, जे सामानाखाली वर्षानुवर्षं बुजलेलं होतं, मोकळं केलं. एका दाराच्या खोलीत कोणी आत आलं की बाहेर पडायची वाट त्याच्यासमोरूनच जाते. जिन्याच्या टप्प्याला हात लावला नाही. फक्त एक रुंद बाक, कठड्याला जाळी आणि चांगला दिवा. आग लागली तर वाट अडू नये एवढीच रुंदी त्या बाकाला दिली.

मुलांसाठी लपायच्या जागा हव्या होत्या आणि कर्मचाऱ्यांना मुलं दिसायला हवी होती. कपाटाखालचे कोनाडे, दोन्हीकडून उघडे, वर झरोके. आत शिरलेलं मूल अडकत नाही आणि मोठ्यांना त्याचे पाय दिसतात.

रंगाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कोणी तरी गुलाबी सुचवला, शांत करतो म्हणून. १९७९ मध्ये अलेक्झांडर शाऊस यांनी तुरुंगातल्या गुलाबी भिंतींबद्दल केलेला तो दावा नंतरच्या प्रयोगांत टिकला नाही. आम्ही फिकट, मळ न दिसणारे, मजल्यागणिक वेगळे रंग घेतले, वाट ओळखता यावी म्हणून. प्रत्येक खोलीच्या दाराचा रंग मात्र तिथे राहणारीने निवडला.

काम चालू असताना

अशा प्रकल्पांच्या अहवालांत हा भाग सहसा नसतो. निवारा रिकामा करणं शक्य नव्हतं. म्हणजे हिंसेतून आलेल्या स्त्रियांच्या घरात अनोळखी पुरुष हातोडे घेऊन फिरणार.

ठेकेदाराशी करार करताना रंगाच्या दर्जाइतकंच गोपनीयतेवर बोलणं झालं. माल दुसऱ्या पत्त्यावर उतरायचा आणि तिथून यायचा. बिलावर निवाऱ्याचा पत्ता नाही. कामगारांचे फोन फाटकाशी जमा, कारण एका फोटोतल्या ठिकाणाच्या नोंदीवरून इमारत सापडू शकते. रोजची तीच माणसं, नवं कोणी आलं तर आदल्या दिवशी सांगायचं. उद्या कोण येणार, कोणत्या मजल्यावर, किती वाजेपर्यंत, आवाज केव्हा होणार, हे आदल्या संध्याकाळी फळ्यावर. ठोकाठोकी ठरलेल्या वेळेतच. खोलीत काम कधी करायचं ती वेळ राहणारी बाई देणार, आणि ती नको म्हणाली तर सुतार दुसऱ्या खोलीकडे वळणार. ठेकेदार वैतागला, आणि त्याचं वैतागणं रास्त होतं. त्याचा हिशेब दिवसांवर चालतो. त्या वेळेचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरावे लागतात, नाहीतर पहिला बळी याच नियमांचा जातो.

नंतर काय दिसलं

इथे राहणारी माणसं सतत बदलतात, त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या रात्रींची तुलना करून यशाचा दाखला देणं फसवं ठरेल. दिसलं ते सांगते. पलंग दाराला लावणं बंद झालं. आणीबाणीच्या चावीच्या वहीत अधीक्षिकेला भीती होती तशा नोंदी भरल्या नाहीत. हॉलच्या भिंतीलगतच्या जागा वापरात आल्या, मधली जागा मुलांनी घेतली. फाटकाच्या पडद्याचं बटण नवी आलेली बाई पहिल्या काही दिवसांत वारंवार दाबते आणि मग कमी दाबते, असं रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांचं निरीक्षण आहे. स्वच्छतागृहावरची भांडणं चालूच आहेत. ती संख्येची अडचण आहे, दिव्यांनी सुटणारी नाही.

आणि एक गोष्ट कोणी योजलेली नव्हती. कर्मचाऱ्यांनी स्वतःसाठी खोली मागितली. रोज अशा कहाण्या ऐकणाऱ्या या बायकांना दार लावून दहा मिनिटं बसायला या इमारतीत जागा नव्हती, आणि आराखड्यात ती आम्हीही धरली नव्हती. जुन्या नोंदणी काउंटरची जागा त्यांना मिळाली.

दोन प्रश्न अजून समितीपुढे आहेत. पहिला स्वयंपाकघराचा. रात्रीचं कुलूप काढायला अधीक्षिका तयार नाही, गॅस आणि सुऱ्या हे कारण. मी सुचवलेला मार्ग असा: मजल्यावर एक छोटा ओटा, विजेची किटली, छोटा फ्रीज आणि सिंक, चोवीस तास उघडा, सुऱ्या आणि गॅस खालीच, कुलपात. वायरिंगला तेवढा भार झेपतो का, हे इलेक्ट्रिशियन तपासतोय. दुसरा प्रश्न मोठ्या मुलग्यांचा. वयात आलेल्या मुलाला अनेक निवारे घेत नाहीत, आणि मग आई मुलाला सोडून यायचं की मारहाणीत परत जायचं यांत अडकते. तळमजल्यावर वेगळं स्वच्छतागृह आणि वेगळ्या जिन्याने जाता येईल अशा दोन खोल्या काढता येतात, तसा आराखडा दिला आहे. मंजुरीचा निर्णय समितीने पुढच्या बैठकीवर टाकला आहे.